दंतोपचारातील उच्चक्षमता बहुवारिके

दात, दाढा किंवा जबड्याचा गेलेला भाग भरून काढताना धातूऐवजी वापरता येणारी, उष्णता, लाळ आणि चावण्याचा भार दीर्घकाळ सोसणारी प्लॅस्टिके. दवाखान्यात त्यांना बहुवारिके (पॉलिमर) कोणी म्हणत नाही. ‘पीक’ (पॉलिइथर-इथर-कीटोन) आणि ‘पेक’ (पॉलिइथर-कीटोन-कीटोन) ही नावे चालतात. दोन्ही एकाच कुळातली. आजोबांच्या वाटीतल्या गुलाबी कवळीचे अ‍ॅक्रिलिक हेही बहुवारिकच, पण फरशीवर पडले की ते तडकते आणि त्याचा बारीक, टिकाऊ हूक काढता येत नाही. म्हणून अर्धवट कवळीला आजवर कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा सांगाडा किंवा स्टीलच्या तारा लागत आल्या.

पीक १९७८ साली ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीत तयार झाले. आधी ते यंत्रांच्या आणि विमानांच्या भागांत गेले, १९९० च्या दशकात मणक्यांमधल्या आधारासाठी वापरात आले आणि मग तोंडात. ते सुमारे ३४३ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) पुन्हा पुन्हा घातले तरी आकार सोडत नाही. क्ष-किरणांना ते आड येत नाही. लॅबमध्ये बहुधा थाळीएवढी तयार चकती मिलिंग मशीनवर चढवतात आणि संगणकावर आखलेला सांगाडा तिच्यातून कोरून काढतात. वितळवून साच्यात दाबण्याचीही रीत आहे.

धातूशी तुलना करताना ‘मजबूत’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. खरा फरक ताठरपणाचा आहे. साध्या पीकचा प्रत्यास्थता गुणांक (ताठरपणाचे माप; आकडा मोठा तितके साहित्य ताठ) ३ ते ४ गिगापास्कल, कार्बन तंतू घातलेल्या पीकचा सुमारे १८, हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराचा साधारण १४ ते १८, टायटॅनियमचा शंभरावर आणि कोबाल्ट-क्रोमचा दोनशेच्याही वर. म्हणजे प्लॅस्टिक हाडासारखे किंचित लवते, धातू लवत नाही. वजनातही असेच: पीकची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, कोबाल्ट-क्रोमची आठाच्या वर.

हे लवणे कवळीत उपयोगी पडते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या माणसाच्या अर्धवट कवळीकडे जवळून पाहा. तिचा धातूचा हूक उरलेल्या दाताला कवटाळून बसलेला असतो. कवळी रोज काढताना-घालताना तो त्या दाताला ओढतो आणि हसताना पुढून चकाकतो.  रंगद्रव्य मिसळलेल्या पीकचा हूक हस्तिदंती रंगाचा, दाताशी मिळताजुळता आणि ओढीने सौम्य असतो. मात्र त्याची पकडही सौम्य असते. धातूच्या हुकाला दाताच्या फुगीर भागाखाली पाव मिलिमीटर खाच पुरते, पीकच्या हुकाला अर्धा मिलिमीटर लागते आणि तो जाडही ठेवावा लागतो. धातूच्या मापाने केलेली आखणी तशीच प्लॅस्टिकमध्ये कोरली तर कवळी सैल बसते, आणि दोष साहित्याला दिला जातो. तो आखणाऱ्याचा असतो.

हाडात बसवायच्या स्क्रूची, म्हणजे प्रत्यक्ष रोपणाची, गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे रोपण बसवले, तेव्हापासून हाड या धातूला थेट चिकटते हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. पीक शरीराला अपाय करत नाही, पण हाडाशी जोडही धरत नाही. त्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो. त्यावर टायटॅनियमचा किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) थर देणे, प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) किंवा आम्लाने पृष्ठभाग खरबरीत करणे असे उपाय चालू आहेत. ताठ धातू सगळा भार स्वतःच घेतो आणि शेजारचे हाड दुबळे होते, हा पीकच्या बाजूचा युक्तिवाद. खुब्याच्या सांध्यात हा परिणाम ओळखीचा आहे, दाताच्या लहान स्क्रूत तितका नाही. उलट लवचीक स्क्रूमुळे हिरडीलगतच्या हाडावर ताण एकवटतो, असे संगणकीय प्रतिमानांत दिसले आहे. त्यामुळे ‘बिनधातूचा दात’ एवढे ऐकून कोणी पूर्ण पीकचा स्क्रू मागितला तर आज त्याला टायटॅनियमच सुचवणे योग्य. टायटॅनियमची ॲलर्जी विरळा. ज्यांना अंगावर पुरळ उठते त्यांना बहुधा दातांवरच्या स्वस्त धातूच्या टोप्यांतले (क्राउन) निकेल बाधते. रोपणाच्या कामात पीकला पक्की जागा मिळाली आहे ती हिरडी भरून येईपर्यंत स्क्रूवर बसवायच्या तात्पुरत्या टोपीत.

मराठवाड्यात साहित्याइतकाच वेळ महत्त्वाचा ठरतो. रोपण हाडात घट्ट व्हायला तीन ते सहा महिने लागतात. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. दसऱ्याला स्क्रू बसवून माणूस फडात गेला, तर हिरडी सुजल्याचे कोणी पाहत नाही. तेच काम परतल्यावर लगेच सुरू केले तर पुढच्या हंगामाआधी दात बसतो.

पीकचा नैसर्गिक रंग पिवळट-राखाडी आणि अपारदर्शक असल्याने पुढच्या दातांवर त्याला काँपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरणसाहित्याचा) थर द्यावा लागतो. हा थर सहज धरत नाही. आधी वाळूचा मारा आणि खास प्रायमर (चिकटण्यासाठी लावायचा द्रव) लागतो. तंबाखू, मिसरी, चहाने हा थर डागाळतो. पीकचा मोडलेला सांगाडा धातूसारखा झाळ देऊन जोडता येत नाही.

या साहित्याचे हलकेपण सगळ्यात कामी येते ते कर्करोगात वरच्या जबड्याचा भाग काढलेल्या रुग्णाला. गुटखा-तंबाखूने मराठवाड्यातील कितीतरी तोंडे पोखरली आहेत. टाळूला भोक पडल्याने पाणी नाकातून येते आणि बोलणे कळत नाही. ते भोक बुजवणारी कवळी, म्हणजे ऑब्च्युरेटर, उरलेल्या चार-दोन दातांवर लटकते. धातूचा सांगाडा त्या दातांना खाली ओढतो. पीकचा सांगाडा जाड करावा लागत असल्याने वजन घनतेच्या प्रमाणात सहापट घटत नाही, तरी फरक रुग्णाला जाणवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि जखम आकसत असताना ऑब्च्युरेटर साध्या अ‍ॅक्रिलिकचाच करतात, कारण त्याचा आकार सारखा बदलावा लागतो; पीकचा सांगाडा जखम स्थिरावल्यावर, शेवटच्या कवळीसाठी घेतात.