घाटात पिकअप गरम होते? थर्मोस्टॅट काढून आणू नका

(जुन्या डिझेल पिकअपचे मालक आणि चालक यांच्यासाठी)

भिवंडीहून माल भरलेली जुनी पिकअप कसारा घाट चढून घोटीला आमच्या गॅरेजच्या दारात येते, तेव्हा बऱ्याचदा थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं की आत काहीच नसतं. कुणीतरी सांगितलेलं असतं, "काढून टाका, पाणी मोकळं फिरेल." आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हे पत्रक.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, तो साधारण 82 अंशांना उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. पण तो फक्त रेडिएटरची वाट उघडत नाही. बऱ्याच इंजिनांत तो त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणारी वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही, लोड घेऊन घाट लागला की तापमानाचा काटा चढतो. उलट थंडीत इंजिन लवकर तापत नाही, धूर मारतं आणि डिझेल जास्त पितं.

म्हणून अशी गाडी आली की आम्ही आधी थर्मोस्टॅट बसवतो, मगच दोष शोधतो. "गरम होतेय आणि तुम्ही तोच परत घालताय?" असं ग्राहक रागाने विचारतात. पण त्याच्याशिवाय केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवून तुम्हाला नवीन रेडिएटर घ्यायला लावणं आम्हाला पटत नाही.

गाडी कधी गरम होते, हे नीट सांगितलंत तर अर्धं काम होतं. उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर आम्ही आधी फॅन आणि फॅन क्लच बघतो. वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप आणि होस पाइप. आपल्या भागात राइस मिलचा माल वाहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत भाताचं तूस घट्ट बसतं. पुढून स्वच्छ दिसतं, फॅनच्या बाजूने टॉर्च मारला की थर दिसतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं की आतून क्षार धरतो, मग बाहेरून कितीही धुवा. कुलंट आणि स्वच्छ पाणी अर्धं-अर्धं, एवढंच भरा. रेडिएटरच्या झाकणाचा रबर गेला असेल तर तेही बदला. 0.9 बारचं चांगलं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आणि तापलेल्या गाडीचं हे झाकण कधीही उघडू नका, चेहरा भाजतो.

चढलेला काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा पडतो. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तशीच पुढे रेटली तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं.

रात्री घाट चढून आल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा भाग) किंवा पुढचा सायलेन्सर पाइप लाल दिसत असेल तर नुसत्या रेडिएटरवर खर्च करू नका. ओढ वाढावी म्हणून इंजिनाच्या डिझेल पंपाचं डिझेल वाढवून घेतलेलं असतं, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) मागे गेलेलं असतं, एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा टर्बोचा पाइप क्लिपपाशी फाटलेला असतो. तिथे तेलाचा ओला डाग हाताला लागतो. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की काळा धूर येतो. टायमिंग मागे असेल तर जळणं उशिरापर्यंत चालू राहतं. दोन्हीत जास्तीची उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, हेडही तापतं. वाढवलेला पंप आम्ही कंपनीच्या मापावर आणतो. ओढ थोडी कमी वाटेल, पण हेड आणि टर्बो टिकतील.

"गाडी रात्रभर कशाला ठेवता?" हाही नेहमीचा प्रश्न. हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) गळती सकाळी थंड इंजिनवर स्पष्ट कळते. झाकण काढून स्टार्ट मारली आणि पाणी तापायच्या आत सतत बुडबुडे येऊ लागले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. तापलेल्या इंजिनवर हे करता येत नाही. दाबाची तपासणीही सोबतच करतो, आणि काम आमच्याकडेच केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात. उन्हाळ्याच्या तोंडाला, मार्चच्या आधी गाडी दाखवलीत तर ही सगळी तपासणी निवांत होते.

येताना पाणी किती कमी झालं होतं ते सांगा. वाटेत भरलं असेल तर किती बाटल्या, तेही. आणि थर्मोस्टॅट आधीच काढला असेल तर फेकू नका, सोबत आणा. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तो किती अंशांना उघडतो ते तुमच्यासमोर बघू. चांगला निघाला तर तोच परत बसवतो, नवीन घ्यायची गरज नाही.