०.४०६ आणि ५६ : बेसबॉलच्या एकाच उन्हाळ्यातले दोन आकडे

क्रिकेटवाल्या माणसाला ९९.९४ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आकडा ऐकला की ब्रॅडमन डोळ्यासमोर उभा राहतो. बेसबॉलवाल्यांकडे असे आकडे ढिगाने आहेत, या बाबतीत अमेरिकन माणूस आपल्यापेक्षाही वेडा आहे. पण त्यातले दोन माझे खास लाडके, कारण दोन्ही एकाच सीझनमधले, १९४१ च्या उन्हाळ्यातले. बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने वर्षभरात ०.४०६ चं अ‍ॅव्हरेज काढलं आणि न्यूयॉर्क यँकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ मॅचमध्ये, प्रत्येक मॅचला किमान एक, हिट मारली. ८० वर्षं उलटून गेली, ५६ च्या जवळपासही कोणी गेलं नाही आणि ०.४०० हा आकडा तर आता बेसबॉलमध्ये जवळजवळ दंतकथा झालाय.

वरवर बघता दोन्ही सारखेच अशक्य वाटतात. पण एकामागे सगळ्यात जास्त हात आहे इतरांचा, आणि दुसऱ्यामागे नशिबाचा. आणि मजा म्हणजे हे दोन आकडे आतून एकमेकांना जोडलेले आहेत.

ज्यांनी बेसबॉल फक्त हॉलिवूडच्या पिक्चरमध्ये बघितलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल मारून कमीत कमी पहिल्या बेसवर, म्हणजे धावायच्या पहिल्या टप्प्यावर, सुखरूप पोचलात की हिट. फिल्डरच्या चुकीमुळे पोचलात तर हिट नाही, आणि पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, चार बॉल बाहेर टाकून तुम्हाला फुकटात बेस दिला, ज्याला वॉक म्हणतात, तर ती टर्न हिशोबातच धरत नाहीत. हिट भागिले टर्न म्हणजे बॅटिंग अ‍ॅव्हरेज. दहापैकी तीन वेळा जमलं म्हणजे ०.३००, आणि असा माणूस तिथे उत्तम बॅटर समजला जातो. दहातले सात वेळा हात हलवत परत येणारा माणूस उत्तम, हे आपल्याला पचायला जरा जड जातं.

पण बाकी हिशोब बघितला की पटतं. पिचर जिथून टाकतो ती पट्टी आणि होम प्लेट (बॅटर उभा असतो ती जागा) यात १८.४४ मीटर अंतर, त्यात पिचर पाऊल पुढे टाकतो म्हणजे बॉल हातातून सुटतो तेव्हा जेमतेम १७ मीटर उरलेले असतात. ताशी १५० किलोमीटरने आलेला बॉल हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो, त्यातले ०.१५ सेकंद निव्वळ बॅट फिरवण्यात जातात, म्हणजे बॉल बघून, ओळखून, मारायचा की सोडायचा हे ठरवायला पाव सेकंद, डोळ्याची पापणी मिटायला लागतो तेवढा वेळ. वर बॅट आपल्यासारखी सपाट नाही, गोल दांडकं, सगळ्यात जाड भाग ६.६ सेंटीमीटर, आणि बॉलही गोल. गोलाने गोल मारायचा, काही मिलिमीटर इकडेतिकडे झालं की बॉल सरळ आकाशात नाहीतर जमिनीवर घरंगळत. आणि समजा सगळं अगदी परफेक्ट लागलं, तरी समोर फिल्डर उभा असला तर खेळ खलास. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

आता विल्यम्स. २८ सप्टेंबर १९४१, सीझनचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कवर लागोपाठ दोन मॅच. सकाळी विल्यम्सच्या नावावर होत्या ४४८ टर्नमध्ये १७९ हिट, भागाकार केला तर ०.३९९५५, म्हणजे राउंड केलं की बरोब्बर ०.४००. मॅनेजर जो क्रोनिन म्हणाला बस बाहेर, रेकॉर्डबुकात ०.४०० लागेल. २३ वर्षांचा पोरगा, नाही म्हणाला. दोन्ही मॅच खेळला, आठ टर्नमध्ये सहा हिट मारल्या, ४५६ मध्ये १८५, ०.४०६. त्यातही गंमत अशी की उंच मारलेल्या बॉलचा झेल गेला पण तेवढ्यात बेसवरच्या सहकाऱ्याने धावून रन काढली तर ती टर्न आज मोजत नाहीत, तेव्हा मोजायचे. आजचा नियम लावला तर आकडा आणखी वर जाईल. (एवढं करून त्या वर्षीचा एमव्हीपीचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा, मान कोणाला? डिमॅजिओला. मला अजून पटलेलं नाही, पण असो.)

मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) जुन्या हिशोबाने १९०१ पासून १९४१ पर्यंत आठ जणांनी मिळून तेरा वेळा ०.४०० गाठलं होतं. त्यानंतर जॉर्ज ब्रेट १९८० मध्ये ०.३९० पर्यंत, टोनी ग्विन १९९४ मध्ये ०.३९४ पर्यंत, आणि गाडी तिथेच अडकली. का? कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं असतं, जुनी माणसं ती जुनी माणसं, आता ती जिगर राहिली नाही वगैरे. हार्वर्डचे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड, जे स्वतः यँकीजचे कट्टर फॅन होते, त्यांनी बरोब्बर उलटं सांगितलं. ०.४०० वाले गायब झाले कारण बाकीचे सगळे सुधारले.

दोन वर्ग डोळ्यासमोर आणा, दोन्हींचं सरासरी ६० टक्के. एका वर्गात कोणी २० वर, कोणी ९५ वर. दुसऱ्यात सगळे ५० ते ७० च्या मध्ये. दुसऱ्या वर्गात ९५ वाला दिसत नाही म्हणून तो वर्ग ढ आहे का? उलट तिथे २० वालाही शिल्लक नाही. बेसबॉलमध्ये अगदी हेच झालं. सगळ्या बॅटरांची सरासरी दशकानुदशकं ०.२६० च्या आसपासच राहिली, कारण पिचर आणि बॅटर दोघंही सुधारत गेले आणि पारडं फारच झुकलं तर लीगवाल्यांनी नियम बदलले. १९६८ मध्ये पिचरांनी इतका उच्छाद मांडला की अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) कार्ल यस्त्रेम्स्की फक्त ०.३०१ वर पहिला आला, तर १९६९ पासून पिचर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. सरासरी जागेवर, पण पसारा आवळत गेला. हा पसारा मोजायचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मराठीत प्रमाण विचलन. १९१० च्या दशकात ते ०.०३७१ होतं, १९४० च्या दशकात ०.०३२६, १९७० च्या दशकात ०.०३१७.

आता या फूटपट्टीने मोजून बघा. टाय कॉब १९११ मध्ये ०.४२०, म्हणजे त्याच्या काळच्या सरासरीच्या वर ४.१५ पावलं (एक पाऊल म्हणजे एक प्रमाण विचलन). विल्यम्स ४.२६ पावलं. ब्रेटचे ०.३९०, ज्याला सगळे "थोडक्यात हुकलं" म्हणतात, ती ४.०७ पावलं. तिघं जवळजवळ एकाच उंचीवर उभे आहेत, फक्त खालची जमीन बदलली.

आणि जमीन का बदलली याचं एक उत्तर लाजिरवाणं आहे. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत, साठेक वर्षं, मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना दार बंद होतं. कॉब असो की विल्यम्स, त्या काळातल्या सगळ्या आकड्यांमध्ये समोरचे निम्मेअधिक उत्तम पिचर नव्हते असं म्हणणार नाही मी, पण बरेच नव्हते हे नक्की, ते नीग्रो लीग्जमध्ये, काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळत होते. मे २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीग्जचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये धरले आणि एका दिवसात टेबल हललं. जॉश गिब्सन हा कॅचर करिअर अ‍ॅव्हरेजमध्ये ०.३७२ वर पहिला, कॉब ०.३६७ वर दुसरा, आणि एका सीझनचा विक्रमही गिब्सनचा, १९४३ चे ०.४६६. म्हणजे १९४१ नंतर ०.४०० कोणी काढलंच नाही हे वाक्य आता खोटं आहे. यावर नाक मुरडणारे म्हणतात की त्यांचे सीझन छोटे असायचे, आणि गणिताने हे खरंच आहे, कमी मॅचमध्ये आकडे जास्त उड्या मारतात. पण मग २०२० चा कोविडवाला सीझन बघा, फक्त ६० मॅच, तिथे पहिला आला तो डीजे लमेह्यू, ०.३६४ वर. छोटा सीझन असला म्हणून ०.४६६ झाडाला लागत नाहीत. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला, ३५ वर्षांचा, रॉबिन्सन उतरला त्याच्या तीन महिने आधी.

आपल्याकडे हाच चष्मा मुंबईच्या विजय मर्चंटना लावून बघता येईल, फर्स्ट क्लास अ‍ॅव्हरेज ७१.६४, जगात ब्रॅडमनच्या खालोखाल. तेव्हाचा पसारा आणि आत्ताचा पसारा कोणीतरी नीट मोजायला हवा, याने मर्चंट छोटे होतील असं मला अजिबात वाटत नाही.

काही रेकॉर्ड तर इतके सरळ आहेत की त्यात गणित शोधायला नको. साय यंगने १८९० ते १९११ मध्ये पिचर म्हणून ५११ मॅच जिंकल्या, आज पिचर पाचव्या-सहाव्या दिवशी एकदा टाकतो, वर्षाला वीस जिंकले तरी पंचवीस वर्षांत ५०० होतात. तो खेळच आता राहिला नाही, संपलं.

डिमॅजिओचं मात्र तसं नाही, त्या ५६ नी भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवलीय. १५ मे ते १६ जुलै १९४१, २२३ टर्न, ९१ हिट. आधीचा रेकॉर्ड विली कीलरचा १८९७ चा, ४४ मॅच, आणि नंतर पीट रोझ १९७८ मध्ये ४४ वरच थांबला.

हे किती अवघड आहे ते बघायला मी सापशिडीचा फासा घेऊन बसलो. पाच किंवा सहा पडला की हिट, म्हणजे ०.३३३ चा बॅटर, करिअरच्या डिमॅजिओपेक्षा जरा बराच. चार वेळा टाकला, म्हणजे चार टर्न, की एक मॅच, चारात एकदाही पाच-सहा नाही पडला तर मालिका तुटली. मॅचमध्ये एकतरी हिट मिळायची शक्यता ८० टक्के, म्हणजे चांगलीच आहे की! पण सरासरी दर पाच मॅचला एक भोपळा. माझी बोटं दुखेपर्यंत टाकून सगळ्यात लांब मालिका झाली १७, आणि अकराव्या मॅचपासून मी चक्क फाशाला नमस्कार करून टाकत होतो, अंधश्रद्धा कशी सुरू होते याचा प्रयोग फुकटात झाला.

मग फासा ठेवून एक्सेल उघडलं. एखाद्या ठराविक मॅचपासून धरलं तर डिमॅजिओच्या करिअर अ‍ॅव्हरेजने, ०.३२५ ने, ५६ पुरे होण्याची शक्यता साडेचार लाखांत एक. त्याच्या १९४१ च्या ०.३५७ ने ३६ हजारांत एक. आणि ०.४०० च्या बॅटरला? २४०० मध्ये एक. अ‍ॅव्हरेज थोडंसं वाढलं की शक्यता कुठल्या कुठे जाते, कारण तीच गोष्ट ५६ वेळा स्वतःशी गुणली जाते.

एडवर्ड पर्सेल, एमआरआय मशीन ज्या तत्त्वावर चालतं त्याच्या शोधासाठी १९५२ चं नोबेल मिळालेले, यांनी बेसबॉलमधल्या सगळ्या मालिका तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा की "फॉर्म"मुळे झालेल्या वाटतात त्या सगळ्या मालिका नाणेफेकीच्या गणितात बसतात, अपवाद एकच, ५६. हे गूल्डनीच लिहून ठेवलंय. मग २००८ मध्ये कॉर्नेलच्या सॅम्युअल आर्ब्समन आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी कॉम्प्युटरवर बेसबॉलचा अख्खा इतिहास १० हजार वेळा परत खेळवला, प्रत्येक खेळाडूचे प्रत्येक वर्षाचे खरे आकडे घालून. सगळ्यात लांब मालिका कुठे ३९ ची आली तर कुठे १०९ ची, आणि ४२ टक्के इतिहासांमध्ये ५६ किंवा त्याहून मोठी निघाली. लॉटरी मला लागेल का आणि लॉटरी कोणालातरी लागेल का, यात फरक आहे तो हाच. पण त्या खोट्या इतिहासांत हा रेकॉर्ड बहुतेक वेळा डिमॅजिओकडे गेलाच नाही, गेला १८९० च्या दशकातल्या लोकांकडे. उघड आहे, पसारा तेव्हा मोठा होता, ०.४०० वाले तेव्हा होते. आज तसे बॅटर तयारच होत नाहीत म्हणजे २४०० मध्ये एकवालं तिकीटच कोणाच्या हातात नाही. ५६ च्या दारावर पहारा देतंय ते ०.४०० चं गायब होणं.

आता तो फिल्डरवाला मुद्दा. १७ जुलै १९४१, क्लीव्हलँड, रात्रीची मॅच, ६७,४६८ प्रेक्षक. तिसऱ्या बेसवरचा केन केल्टनर नेहमीपेक्षा मागे आणि रेषेला चिकटून उभा. पहिल्या इनिंगमध्ये डिमॅजिओने रेषेलगत सणसणीत मारला, केल्टनरने उलट्या हाताने आडवा घेतला आणि मैदानाच्या पार बाहेरच्या बाजूने फेकून आउट केला. चौथ्यात वॉक. सातव्यात परत तिकडेच, परत केल्टनर. आठव्यात जमिनीवरून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) लू बूद्रोकडे, बॉलने ऐनवेळी वेडी उसळी घेतली तरी त्याने धरला, डबल प्ले, एकाच बॉलवर दोन आउट. मालिका खलास. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने परत सलग १६ मॅचमध्ये हिट मारली, म्हणजे केल्टनर त्या रात्री दोन पावलं आत उभा असता तर आज आपण बहुतेक ७३ चं गणित करत बसलो असतो.