विनायक (व्यक्तिनाम)

विनायक हे मराठी, कोकणी आणि कन्नड भाषकांत रुळलेले पुरुषांचे नाव. बंगाली आणि नेपाळीत ते ‘बिनायक’ होते. आज हा शब्द ऐकला की गणपतीच आठवतो, पण त्याचा जुना अर्थ इतका मंगल नव्हता.

संस्कृतात ‘वि + नी’ या धातूपासून हा शब्द साधतात. नेणारा, वळण लावणारा, म्हणून नेता. दूर नेणारा असाही अर्थ निघतो आणि विघ्ने दूर करणारा हा रूढ अर्थ त्याच्याशी जुळतो. वामनपुराणात मात्र वेगळीच फोड आहे: नायकाविना, म्हणजे शंकराचा संबंध न येता, पार्वतीला झालेला पुत्र तो विनायक. व्याकरणापेक्षा कथेची सोय पाहणारी ही व्युत्पत्ती आहे, पण कीर्तनात अजून ऐकू येते.

मानवगृह्यसूत्र या घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथात विनायक एक नव्हे, चार आहेत आणि चौघेही उपद्रवी: शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित आणि देवयजन. त्यांनी पछाडले की राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलींची लग्ने अडतात, व्यापाऱ्याला नफा होत नाही, शेतकऱ्याचे पीक हातचे जाते. त्यांच्या शांतीसाठी विधी सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत या चौघांचा एकच विनायक झाला, अंबिकेचा पुत्र आणि गणांचा अधिपती. जो विघ्ने आणतो त्यालाच ती आवरता येतात, हा हिशेब पुढे गणेशपूजेत पक्का झाला. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात ‘विनायक’ हे गणपतीचे नाव आहे, तसेच बुद्धाचेही. बौद्ध परंपरेतून हाच शब्द जपानला पोचला. तिथल्या गजमुखी देवतेला ‘बिनायका’ असेही म्हणतात.

अष्टविनायक हा शब्द घरोघरी असला तरी त्या आठांपैकी सिद्धटेकचा सिद्धिविनायक आणि महडचा वरदविनायक या दोघांच्याच रूढ नावात ‘विनायक’ येते. बाकीचे मोरेश्वर, बल्लाळेश्वर, चिंतामणी, गिरिजात्मज, विघ्नेश्वर, महागणपती. दर महिन्याच्या शुद्ध चतुर्थीला विनायकी म्हणतात, वद्य चतुर्थीला संकष्टी.

मराठी घरांत मूळ नाव बहुधा पत्रिकेत आणि शाळेच्या दाखल्यावर उरते. हाक मारताना विनू, विन्या. वय आणि मान वाढला की विनायकराव. भगूरच्या सावरकरांकडे थोरला गणेश आणि मधला विनायक, म्हणजे एकाच देवाची दोन नावे दोन भावांना. लोकांच्या तोंडी मात्र ते बाबाराव आणि तात्याराव झाले. विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) क्रांतिकारक, कवी आणि हिंदुत्वाच्या राजकीय विचाराचे मांडणीकार. गागोद्याच्या विनायक नरहर भावे (१८९५–१९८२) यांना आई ‘विन्या’ म्हणे. गांधीजींच्या आश्रमात ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीवर ते ‘विनोबा’ झाले आणि मूळ नाव जवळपास पुसले गेले. त्यांच्या भावालाही, बाळकृष्णालाही, बाळकोबाच म्हणत. १९४० चे पहिले वैयक्तिक सत्याग्रही आणि १९५१ पासूनच्या भूदान चळवळीचे प्रणेते म्हणून विनोबा ओळखले जातात. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

सावरकरांचे नाव आणि वडिलांचे नाव जसेच्या तसे असलेला आणखी एक प्रसिद्ध माणूस म्हणजे विनायक दामोदर कर्नाटकी (१९०६–१९४७), अर्थात मास्टर विनायक. कोल्हापूरचे हे नट-दिग्दर्शक ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या विनोदी चित्रपटासाठी आठवले जातात. अभिनेत्री नंदा त्यांची कन्या. गायनात विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत नट होते, पुढे १९३२ मध्ये पुण्यात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) त्यांचा.

हे नाव टोपणनाव म्हणूनही चालले. कवी विनायक म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर (१८७२–१९०९), ऐतिहासिक आणि राष्ट्रीय कवितांसाठी प्रसिद्ध. कन्नडमध्येही ‘विनायक’ याच नावाने लिहिणारे कवी झाले, ते विनायक कृष्ण गोकाक. त्यांना १९९० चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

आद्याक्षरांपुरते लिहिले की या नावाचा घोटाळा होतो. ‘बालबोध’ मासिकाचे वि. कों. ओक, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हे तिघे विनायक. पण वि. स. खांडेकर विष्णू, वि. का. राजवाडे विश्वनाथ. आणि वि. दा. म्हणजे सावरकर असे गृहीत धरणाऱ्याला वि. दा. घाटे भेटतात, ते विठ्ठल दत्तात्रय.