काळ्या वावरात रताळं होत नाही?

"काळ्या मातीत कंद धरत नाही, तो रेताड जमिनीचा माल," हे नागपूरकडच्या वावरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. अर्धं खरं आहे, म्हणूनच टिकलं.

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. सपाट वाफ्यात वेल लावले तर पावसाचं पाणी साचतं, कंदाला हवा मिळत नाही, तो वेडावाकडा होतो किंवा सडतो. तेच रताळं उंच वरंब्यावर लावा, दोन वरंब्यांत साधारण 60 सेंटीमीटर ठेवा, पाण्याला वाट काढून द्या. हलकी जमीन सरसच, हे मान्य. भारी जमिनीत काढणीला घामही जास्त. पण पीक येतं.

शेतकरी प्रशिक्षणात खरा वेळ द्यायला हवा तो भेगांना. सोंड्या भुंगा, म्हणजे रताळं पोखरणारी कीड, याच भेगांतून कंदापर्यंत पोचतो. म्हणून वरंब्याला मातीची भर द्यायची, तो तडकू द्यायचा नाही, बेणं निरोगी वेलाच्या शेंड्याकडचं घ्यायचं. युरियाला हात आखडता; नाहीतर वर वेल माजतात आणि खाली नुसत्या मुळ्या.

शिवाय रताळं म्हणजे फक्त एकादशीचं खाणं नव्हे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या 'भू सोना' या नारिंगी गराच्या वाणात बीटा कॅरोटीन भरपूर असतं. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं.

साधारण 4 महिन्यांत काढणी. नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची घाई असली तरी ओले कंद पोत्यात भरू नका, आधी सावलीत सुकवा.