मधुमेहाची चाळणी तपासणी

मधुमेहाची चाळणी तपासणी : मधुमेहाचे कोणतेही लक्षण जाणवत नसलेल्या व्यक्तीच्या रक्तातील साखर वाढलेली आहे काय, हे वेळेवर कळावे म्हणून ठरवून केलेली तपासणी. खूप तहान, वारंवार लघवी, झपाट्याने उतरणारे वजन अशा तक्रारी घेऊन रुग्ण आला की होणारी तपासणी निदानाची असते. चाळणीत मात्र रुग्ण मधुमेहासाठी आलेलाच नसतो. तो गुडघेदुखीसाठी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नातवाला लस टोचून घेण्यासाठी दवाखान्यात आलेला असतो आणि डॉक्टर त्याचे वय, पोटाचा घेर व घरातला आजारांचा इतिहास पाहून साखर तपासायला सांगतात. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे, कारण चाळणीत अडकलेला प्रत्येक जण मधुमेही नसतो आणि चाळणीतून सुटलेला प्रत्येक जण निर्धोक असतोच असे नाही.

कोणत्या रोगासाठी अशी तपासणी करणे योग्य, याचे निकष विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले. रोग महत्त्वाचा असावा, त्याला दीर्घ मूक अवस्था असावी, तपासणी सोपी व लोकांना मान्य होणारी असावी आणि रोग सापडल्यावर देण्याजोगे उपचार हाताशी असावेत, हा त्यांचा गाभा होय. प्रकार २चा मधुमेह, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम मंदावल्याने होणारा नेहमीचा मधुमेह, या चौकटीत चांगला बसतो. तो अनेक वर्षे काहीही न दुखवता अंगात राहतो आणि त्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदयाच्या रोहिण्या यांवर परिणाम करीत असतो. त्यामुळे निदानाच्या पहिल्याच दिवशी काही रुग्णांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा आढळतात. पूर्वी ही चाळणी लघवीवर होत असे. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी तापवली की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी रंग येई. परंतु रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही, म्हणून सुरुवातीचा मधुमेह या परीक्षेतून हमखास निसटतो. आता चाळणीसाठी लघवीवर विसंबणे योग्य नाही.

निदानाच्या मर्यादा : येथे दिलेले साखरेचे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तद्रवातील मिलिग्रॅममध्ये आहेत. किमान ८ तास उपाशी राहिल्यावर साखर १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर २ तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनपैकी साखर चिकटलेल्या भागाचे प्रमाण) ६.५ टक्के किंवा अधिक, यांपैकी कोणताही निष्कर्ष मधुमेह दर्शवतो. लक्षणे नसतील तर एकाच असामान्य आकड्यावर निदान करू नये. तीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी किंवा दोन वेगवेगळ्या तपासण्यांचा मेळ बसतो का ते पाहावे. उपाशीपोटीची मर्यादा पूर्वी १४० होती, ती १९९७ साली १२६वर आणली गेली. एचबीए१सीला निदानाची मान्यता अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० साली व जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दिली. निरोगी आणि मधुमेही यांच्यामधल्या पट्ट्याला पूर्वमधुमेह म्हणतात. ग्लुकोज प्यायल्यानंतरची १४० ते १९९ ही पातळी त्यात सर्वमान्य आहे. उपाशीपोटीच्या साखरेबाबत मात्र एकमत नाही : अमेरिकन संस्था १००पासून पूर्वमधुमेह मानते, जागतिक आरोग्य संघटना ११०पासून. त्यामुळे एकाच माणसाचा १०४ हा आकडा एका अहवालात ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्यात ठळक छापला जातो आणि रुग्ण विनाकारण गोंधळतो. दवाखान्यात या पट्ट्याला सर्रास ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात. हा शब्द ऐकून बहुतेक लोक सुटल्याचा निःश्वास टाकतात, म्हणून तो जपून वापरावा.

कोणाची तपासणी करावी : अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या शिफारशीनुसार वयाच्या ३५व्या वर्षापासून सर्वांची, आणि वजन जास्त असून आणखी एखादा धोका असल्यास त्याआधीही कोणत्याही वयात तपासणी करावी; पूर्वी ही वयोमर्यादा ४५ होती. भारतात असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षे व त्यावरील सर्व स्त्री-पुरुषांची तपासणी अपेक्षित आहे. भारतात ही मर्यादा खाली ठेवण्याचे कारण भारतीयांच्या शरीररचनेत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या बाळांचा दीर्घकाळ अभ्यास करून असे दाखवले की, येथील बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने टिकून असते आणि स्नायू कमी असतात. हीच गोष्ट २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन संशोधकांच्या छायाचित्रातून मांडली गेली. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही शरीरभारांक (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, बीएमआय) २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी असू शकतात. म्हणून दक्षिण आशियाई लोकांसाठी, परदेशी स्थायिक झालेल्यांसाठीही, शरीरभारांकाची धोक्याची रेषा २५ऐवजी २३ धरतात आणि त्याहूनही अधिक भर पोटाच्या घेरावर देतात.

हा घेर मोजण्यातच पहिली चूक होते. पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे, कारण सुटलेल्या पोटाखाली पट्टा सरकतो आणि नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडल्यावर टेप धरावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची सुरुवात मानतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ साली तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकनात वय, पोटाचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी विचारल्या जातात व १०० पैकी ६० किंवा अधिक गुण धोकादायक समजले जातात. समजा, ३८ वर्षांचा एक कारकून आहे, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. कोणीही त्याला जाड म्हणणार नाही. वयाचे २०, ९४ सेंटिमीटर घेराचे १०, बैठे काम व व्यायामाचा अभाव यांचे ३० आणि आईच्या मधुमेहाचे १० असे त्याचे ७० गुण होतात. केवळ वजन पाहणाऱ्या चाळणीतून तो सहज सुटला असता.

सरकारी व्यवस्थेत हेच काम आशाताई घरोघरी जाऊन एका तक्त्याच्या आधारे करतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम व कुटुंबातील आजार यांना गुण दिलेले असतात. ४पेक्षा जास्त गुण मिळालेल्यांना तपासणीसाठी प्राधान्य मिळते. पुढे उपकेंद्रात किंवा शिबिरात ग्लुकोमीटरवर साखर पाहतात आणि ती १४०च्या वर असल्यास खातरजमेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले म्हणजे या कामाचा आवाका कळतो : देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, तर सुमारे १३ कोटी ६० लाखांना पूर्वमधुमेह असल्याचा अंदाज त्यात आहे. गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. महाराष्ट्राची पाहणी याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात झाली होती व तेव्हा ८.४ टक्के प्रमाण नोंदले गेले.

तपासण्या व त्यांतील चुका : साखरेचा आकडा नमुना कसा घेतला यावर फार अवलंबून असतो आणि चाळणीचे यश बहुधा येथेच ठरते. काढलेल्या रक्तातील पेशी नळीतही साखर वापरत राहतात, त्यामुळे साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. सकाळच्या शिबिरात साध्या नळीत घेतलेले रक्त दुपारी प्रयोगशाळेत पोहोचले तर १३०ची साखर ११०च्या घरात दिसते आणि मधुमेही माणूस निरोगी म्हणून घरी जातो. याकरिता फ्लोराइड असलेली करड्या बुचाची नळी वापरतात. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही काही तास जातात, म्हणून नळी बर्फात ठेवून लवकर पाठवणे किंवा रक्तद्रव तिथेच वेगळा करणे हाच खरा उपाय आहे. ग्लुकोमीटर चाळणीला पुरतो, निदानाला पुरत नाही. बोटाला फळाचा रस किंवा गुळाचा अंश लागलेला असला तरी आकडा भलताच वर जातो; हात साबणाने धुऊन नीट कोरडे करावेत. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिल्यास दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

एचबीए१सीला उपास लागत नाही व ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ती सोयीची वाटते. तथापि ती साखरेबरोबरच तांबड्या पेशींच्या आयुष्यावरही अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात ती खोटी वाढते, तर पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत, नुकत्याच झालेल्या रक्तस्रावानंतर किंवा रक्त दिल्या-घेतल्यावर ती खोटी कमी येते. आपल्याकडे तरुण स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो आणि नंदुरबार, गडचिरोली व एकूणच विदर्भाच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण आहेत. अशा ठिकाणी केवळ एचबीए१सीवर चाळणी करणे चुकीचे ठरेल. तेथे थेट साखरच मोजावी.

ग्लुकोज सहनशीलता परीक्षा कंटाळवाणी खरी, पण तीच सर्वांत जास्त पकडते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखा भात-पोळीचा आहार घ्यावा. अहवाल चांगला यावा म्हणून उपासतापास करू नयेत. रात्रभराच्या उपासानंतर रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे आणि दोन तास बसून राहायचे. त्या काळात चालणे, चहा, विडी-सिगारेट काहीही चालत नाही. पेयाने मळमळते, लिंबाचे थोडे थेंब टाकल्यास ते घेणे सुसह्य होते. अनेक भारतीयांची उपाशीपोटीची साखर ठीक असते व फक्त ग्लुकोजनंतरची वाढलेली असते. त्यामुळे धोका मोठा असून उपाशीपोटीचा आकडा समाधानकारक असेल, तर ही परीक्षा टाळू नये.

मुले व तरुण : दहाव्या वर्षानंतर किंवा वयात येऊ लागल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, वजन जास्त असलेल्या मुलांपैकी आईला गरोदरपणात मधुमेह झालेला असणे, जवळच्या नात्यात प्रकार २चा मधुमेह असणे, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी, बीजकोशांतील गाठींचा विकार किंवा जन्मवेळी फारच कमी वजन यांपैकी काही असलेल्यांची तपासणी करावी, अशी शिफारस आहे. एक खूण तर साध्या डोळ्यांना दिसते. मानेच्या मागे, काखेत, बोटांच्या पेरांवर त्वचा काळपट, जाडसर व मखमलीसारखी होते. आई तो मळ समजून मुलीची मान रोज घासते, उटणे लावते, शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडून मलम आणते. प्रत्यक्षात ती शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावल्याची खूण असते आणि ती घासून जात नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलाची मान पाहायला काही क्षण लागतात. हा आजार तरुण वयात फार वेगाने पुढे सरकतो. अमेरिकेतील ‘टुडे’ अभ्यासात किशोरवयात प्रकार २चा मधुमेह झालेल्यांचे सरासरी वय २६च्या आसपास असतानाच ६० टक्के जणांत डोळे, मूत्रपिंड वा नसांची एक तरी गुंतागुंत आढळली होती.

प्रकार १चा मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणेच जवळजवळ थांबल्याने होणारा, ही वेगळी बाब आहे. त्यासाठी सर्व मुलांची चाळणी आपल्याकडे नित्याची नाही. परंतु अंथरुण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा ते करू लागले, सारखे पाणी मागू लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी, वेळ कोणतीही असो, बोटातून साखर तपासावी. ‘सकाळी उपाशीपोटी या’ असे सांगून परत पाठवलेले मूल रात्रीतून बेशुद्धावस्थेत जाऊ शकते.

फलश्रुती : चाळणीने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न संशोधकांनी प्रामाणिकपणे तपासला आहे. इंग्लंडमधील ‘ॲडिशन-केंब्रिज’ या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० ते ६९ वयाच्या, जास्त धोका असलेल्या सुमारे २०,००० लोकांचा अभ्यास झाला आणि जवळजवळ दहा वर्षांत चाळणी झालेल्या व न झालेल्या गटांच्या मृत्युदरात फरक दिसला नाही. मात्र तेथे चाळणीविनाही बहुतेकांना कौटुंबिक डॉक्टर होता व मधुमेह एरवीही लवकर सापडत होता. जिथे माणूस पायाची जखम चिघळल्यावरच प्रथम साखर तपासतो, तिथे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य नाही. पूर्वमधुमेहाबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेच्या २००२ सालच्या चाचणीत आहार, व्यायाम व वजनातील घट यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय चाचणीत जीवनशैलीतील बदलाने ही घट २८.५ टक्के होती. तपासणी सामान्य आली तर ती साधारण तीन वर्षांनी, पूर्वमधुमेह असल्यास दरवर्षी पुन्हा करावी. क्षयरोगाचे रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइड वा काही मनोविकारविरोधी औषधे घेणारे यांची तपासणी वय न पाहता करावी.

गरोदर स्त्रियांसाठी भारतात डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने रुजलेली सोपी पद्धत वापरतात : जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहायची व ती १४० किंवा अधिक असल्यास गरोदरपणातील मधुमेह समजायचा. दूरवरून येणाऱ्या स्त्रीला उपाशी राहून दुसऱ्यांदा यावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी होते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची पूर्ण ग्लुकोज परीक्षा व्हायला हवी, कारण पुढे मधुमेह होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्यांपैकी ती एक असते. पण तोवर घरच्यांचे आणि तिचे स्वतःचेही सारे लक्ष बाळाकडे गेलेले असते व ही तपासणी बहुधा राहून जाते. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमारास असते. त्या सकाळी आईने उपाशीपोटी यावे असे आधीच सांगून ठेवले, तर बाळाला लस देण्याच्या फेरीतच तिचीही तपासणी होऊ शकते.