चर्चच्या भिंतीवरचे शब्द कोणाचे? इंग्लिश पॅरिश चर्चमधल्या स्मृतिलेखांची पार्श्वभूमी

२०२२ साली इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या स्वतःच्या न्यायालयांनी दोन संगमरवरी स्मारकांबद्दल परस्परविरुद्ध वाटणारे निकाल दिले. डॉर्चेस्टरच्या सेंट पीटर्स या पॅरिश चर्चमधला, म्हणजे तिथल्या स्थानिक वस्तीच्या चर्चमधला, जमैकातल्या एका गुलाममालकाचा फलक भिंतीवरून काढून संग्रहालयात द्यायला परवानगी मिळाली. केंब्रिजमधल्या एका कॉलेजच्या चॅपलमधलं, गुलामांच्या व्यापारात पैसा गुंतवलेल्या दात्याचं स्मारक मात्र आहे तिथेच राहिलं. दोन्ही प्रकरणांची चर्चा आजच्या राजकारणाच्या अंगाने झाली. प्रत्यक्षात चर्चमधल्या लेखातला कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता खरवडायचा, हा झगडा सोळाव्या शतकापासून चालू आहे आणि निकाल देताना वापरलेला कायदा त्यातूनच घडला आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. तेराव्या-चौदाव्या शतकात श्रीमंतांच्या थडग्यांवर पितळी पत्र्याच्या आकृती बसवण्याची पद्धत रुळली. तेव्हा इंग्लंडमध्ये असा पत्रा तयार होत नसे, तो ऱ्हाईनकाठाहून आणि फ्लँडर्सकडून (आजच्या बेल्जियमच्या भागातून) येई. डॉर्सेटच्या पर्बेक दगडाच्या लादीत आकृतीच्या आकाराची खाच कोरायची, खाचेत डांबर ओतायचं, पत्रा त्यात दाबायचा आणि दगडातल्या भोकांत शिसं भरून पितळी रिव्हेटने जखडायचा, अशी कृती होती. पत्रा चोरीला गेला तरी खाच उरते, म्हणून कित्येक चर्चमध्ये रिकाम्या खाचांवरूनही माणूस सरदार होता की धर्मगुरू, शेजारी बायको होती का, पायाशी मुलं किती, हे सांगता येतं. सरे परगण्यातल्या स्टोक डॅबरनन इथला सरदाराचा पत्रा बरीच वर्षं १२७७ सालचा, म्हणजे देशातला सर्वांत जुना धरला जाई. एकाच नावाचे बाप आणि मुलगा असल्यामुळे हा घोळ झाला होता. चिलखताच्या आणि कोरीवकामाच्या शैलीवरून तो आता १३२७ मध्ये वारलेल्या मुलाचा मानतात. असे पत्रे पाहायचे असतील तर केंटमधल्या कोबमला जावं, एका छताखाली इतके दुसरीकडे कुठेही नाहीत.

या जुन्या लेखांची सुरुवात बहुधा ‘ओराते प्रो अनिमा’ अशी असते, म्हणजे अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. शेवटी देवाने त्याच्या आत्म्यावर दया करावी असं मागणं असतं. मधे नाव, हुद्दा, तारीख. हा मजकूर वाचणाऱ्याला कामाला लावतो, त्याने तिथे उभं राहून मृतासाठी काही करावं अशी अपेक्षा असते. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेला नेमकं हेच खुपलं. मृतांसाठीच्या प्रार्थनांना दिलेली इनामं १५४७ च्या कायद्याने जप्त झाली. मठ त्याआधीच, १५३६ ते १५४० या काळात मोडले गेले होते आणि त्यांच्या थडग्यांवरचं पितळ बाजारात आलं होतं. कारागिरांनी ते स्वस्तात उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर नवे मृत कोरले. म्हणून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला पत्रा दुरुस्तीसाठी सुटा केला की मागची बाजू आधी पाहावी लागते. तिथे एखाद्या मठाधिपतीचा अर्धा चेहरा किंवा फ्लेमिश सज्जाची नक्षी निघते. अशा वेळी पत्रा पुन्हा लादीत गाडून टाकू नये. तो लाकडी फळीवर, दोन्ही बाजू पाहता येतील असा बसवतात.

यातला कळीचा मुद्दा सहसा नजरेआड होतो. मूर्तिभंजनाचा जोर होता त्या काळातसुद्धा कायद्याने थडग्यांना हात लावायला सांगितलं नव्हतं. मूर्ती आणि प्रार्थनापुस्तकांविरुद्धच्या १५५० च्या कायद्यात स्पष्ट अपवाद होता: राजा, सरदार किंवा संत म्हणून न पुजल्या गेलेल्या कोणत्याही मृत व्यक्तीची थडग्यावरची प्रतिमा वगळली होती. तरी लोकांनी फोडाफोड केलीच. कोणी श्रद्धेपोटी केली, बऱ्याच जणांनी पितळाच्या भावासाठी. १९ सप्टेंबर १५६० रोजी राणी पहिली एलिझाबेथ हिने जाहीरनामा काढून स्मारकं मोडण्यावर बंदी घातली. चर्चमधल्या ज्या वस्तू मृतांच्या स्मरणासाठी लावल्या आहेत, अंधश्रद्धेसाठी नव्हेत, त्यांना धक्का लावू नये. मोडल्या असतील तर मोडणाऱ्याने दुरुस्त कराव्यात, असा त्याचा रोख होता.

स्मरण वेगळं, पूजा वेगळी, हा भेद कागदावर सोपा आहे. दगडावर तो कसा करायचा? ‘प्रार्थना करा’ म्हणणारा लेख स्मरण की अंधश्रद्धा? १६४३ च्या संसदेच्या हुकमानेही साध्या मृतांच्या स्मारकांना सूट दिली. तरीही त्या आणि पुढच्या वर्षी सफोक आणि केंब्रिजशायरमध्ये चर्चमागून चर्च झडती घेत फिरलेल्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत प्रार्थना मागणारे लेख उपटल्याच्या नोंदी पानोपानी आहेत. त्याच्या लेखी माणसाची आकृती चालेल, पण तिच्या तोंडची विनवणी चालणार नाही. काही ठिकाणी कुटुंबाने किंवा चर्चच्या पंचांनीच आधी शहाणपणा केला आणि छिन्नीने पहिले तीन शब्द आणि शेवटची ओळ खरवडून मधलं नाव शाबूत ठेवलं. अशा पत्र्यावर तिरका उजेड टाकला की दोन्ही टोकांना छिन्नीचे आडवे फराटे दिसतात, मधली अक्षरं मात्र कोरल्या दिवशीइतकी धारदार. मला हे पत्रे अखंड पत्र्यांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण १५६० चा भेद प्रत्यक्षात कसा पाळला गेला याचा तेवढाच पुरावा आहे. ससेक्समध्ये बरवॉश इथे प्रार्थना मागणारी ओतीव लोखंडाची लादीच आहे, तिच्या काळाबद्दल मात्र एकमत नाही. त्याच परगण्यातल्या वॉडहर्स्टच्या चर्चमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातल्या सुमारे ३० लोखंडी लाद्या जमिनीत बसवलेल्या आहेत. आसपास लोखंड ओतण्याच्या भट्ट्या होत्या, दगडाहून लोखंडच जवळ होतं.

यानंतर लेखाचा स्वर बदलला. वाचणाऱ्याकडे मागणं राहिलं नाही, त्याला सांगणं सुरू झालं: हा कोण होता, कोणाचा मुलगा, किती दानशूर. १५८० ते १६४० दरम्यानच्या रंगवलेल्या अलाबास्टरच्या (मऊ, पांढुरक्या दगडाच्या) स्मारकांत नवरा-बायको प्रार्थनेच्या मेजाच्या दोन बाजूंना गुडघे टेकून समोरासमोर असतात आणि खाली मुलांची रांग. आधी वारलेल्या मुलांच्या हातात बहुतेकदा कवटी दाखवतात. सतराव्या शतकाच्या शेवटी इटलीचा पांढरा संगमरवर आला आणि रंग गेले. १७६० नंतर काळ्या किंवा करड्या पाठीवर पांढरा कलश आणि त्यावर ओठंगलेली स्त्री, असा साचाच झाला. मजकूर लांबत गेला. कंपनी सरकारच्या नोकरीतून परतलेल्यांच्या किंवा न परतलेल्यांच्या फलकांवर मुंबई, मद्रास, बंगाल ही नावं दिसू लागली. हे फलक घडवणाऱ्या लंडनच्या कारखान्यांतून स्मारकं इकडे भारतातही आली. मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चमध्ये १८११ साली वारलेल्या गव्हर्नराचं स्मारक हा त्याचा ठसठशीत नमुना आहे.

या काळातले लेख वाचताना हमखास चुका होतात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७०२ असं कोरलेलं मरण आपल्या हिशोबाने १७०३ मधलं असतं. ‘१७०२/३’ अशी जोडसंख्या याचमुळे दिसते. लॅटिनमध्ये वयाचं ५७ वं वर्ष लिहिलं असेल तर माणूस ५६ वर्षं पूर्ण करून गेला. स्त्रीच्या नावाआधी ‘मिसेस’ आहे म्हणून ती विवाहित होती असं धरू नये, त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या अविवाहित बाईलाही तो मान मिळे. नवऱ्याच्या नावाखाली बायकोसाठी जागा सोडलेली असे. तिथलं कोरीवकाम वेगळ्या हाताचं असतं, किंवा जागा तशीच कोरी असते. तिने पुन्हा लग्न केलं असेल, दुसरीकडे पुरली असेल, किंवा पाथरवटाला पैसे द्यायला मागे कोणी उरलं नसेल. भिंतीवर उंच टांगलेल्या चौकोनी, कोपरा खाली केलेल्या, मृताचं कुलचिन्ह रंगवलेल्या लाकडी ढालफलकांची पार्श्वभूमी बघावी: पाहणाऱ्याच्या डावीकडचा अर्धा भाग काळा असेल तर नवरा गेला आणि बायको मागे राहिली, उजवीकडचा काळा असेल तर उलट, सगळंच काळं असेल तर मागे जोडीदार नाही. हे फलक आधी मृताच्या घरावर लावत आणि नंतर चर्चमध्ये आणत.

लेख उतरवून घ्यायचा तर हातातला दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा, अक्षरं आपोआप उठतात. खडू, पीठ, दाढीचा फेस किंवा तारेचा ब्रश यांतलं काहीही वापरू नये. मजकूर ओळीप्रमाणे तोडून, मूळ शुद्धलेखन न सुधारता उतरवावा. लादीची लांबी-रुंदी, दगडाचा रंग आणि बाकाखाली झाकलेला भाग यांची नोंद सोबत हवीच.

१८५० च्या दशकातल्या दफनविषयक कायद्यांनी चर्चच्या आत पुरणं जवळपास थांबवलं. थडगं आणि फलक यांचा संबंध तिथे तुटला. त्याच सुमाराला जीर्णोद्धाराची लाट आली. लाद्यांवर नक्षीच्या फरशा चढल्या, खांबांवरचे फलक मनोऱ्याच्या तळाशी एका भिंतीवर गर्दीने लावले गेले. बाथ ॲबीतल्या सहाशेहून अधिक भिंतीफलकांची जागाही एकोणिसाव्या शतकात बदललेली आहे, ते आधी खांबांवरही होते. म्हणून ‘हा फलक मूळ जागी आहे’ हे विधान पुराव्याशिवाय करता येत नाही, आणि पुढच्या वादात ते महत्त्वाचं ठरतं.

मालकीचं गणित आणखी विचित्र आहे. इमारत चर्चची, पण त्यातलं स्मारक ज्याने उभारलं त्याचं. तो गेल्यावर ते ज्याच्या स्मरणार्थ उभारलं त्या मृताच्या वारसाकडे जातं, आणि तोही वारसाहक्काच्या जुन्या नियमांनुसार ठरलेला. दोनशे वर्षांनी असा वारस सापडणं दुरापास्त. तो सापडला नाही किंवा त्याने संमती दिली नाही तरी चर्चचं न्यायालय परवाना देऊ शकतं, अशी सोय विसाव्या शतकात झाली. हा परवाना फलक हलवायला, दुरुस्त करायला आणि नवा लावायलाही लागतो. संरक्षित इमारतीत बदल मागणाऱ्याला २०१२ च्या एका निकालातून आलेल्या प्रश्नांना सामोरं जावं लागतं: या बदलाने इमारतीच्या ऐतिहासिक महत्त्वाला हानी होते का, किती, त्यासाठी दिलेलं कारण किती सबळ आहे, आणि लोकांचा होणारा फायदा त्या हानीला पुरून उरतो का.

डॉर्चेस्टरच्या फलकाचा मजकूर पाहा. १७७४ मध्ये वारलेल्या या माणसाने जमैकातलं १७६० चं ‘धोकादायक बंड’ मोडायला मोठा हातभार लावला, त्याच्या शौर्याने मागे हटलेल्या काळ्या लोकांनी अखेर त्याच्या माणुसकीवर विसंबून शरणागती पत्करली, असं संगमरवरात कोरलं आहे. गुलाम स्वातंत्र्यासाठी उठले आणि मारले गेले, आणि प्रार्थनेला बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मारणाऱ्याची माणुसकी! केंब्रिजच्या स्मारकावर मात्र दात्याच्या राजदरबारातल्या नोकरीचे आणि दानाचे गोडवे आहेत, गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख नाही. कॉलेजला दिलेला पैसा त्या व्यापारातल्या नफ्यातून आला ही समजूत चुकीची होती, विरोधाचा बराच भाग तिच्यावर उभा होता, असं न्यायाधीशांनी नोंदवलं.

दोन्ही निकाल एकाच कसोटीवर दिलेले आहेत, आणि माझ्या मते फरक मजकुराने पडला. लेख स्वतःच अन्यायाची तरफदारी करतो तेव्हा शेजारी समजावणारी पाटी लावून भागत नाही, कारण उपासनेच्या जागी मोठ्या अक्षरांतला संगमरवरच आधी वाचला जातो. लेख गप्प असेल तर पाटी पुरते. ‘इतिहास पुसला’ ही तक्रार डॉर्चेस्टरला लागू पडत नाही. फलक फोडला गेला नाही, त्याचे शब्द संग्रहालयात वाचता येतील. १६४३ मध्ये खरवडलेल्या ओळींना ती संधी मिळाली नव्हती.

वाद असलेली स्मारकं थोडी आहेत. बाकीच्या हजारो फलकांचा शत्रू गंज आहे. भिंतीफलक आत लपलेल्या लोखंडी पट्ट्यांनी धरलेले असतात. ओल शिरली की लोखंड गंजून मूळच्या कित्येक पट फुगतं, कडेला तपकिरी डाग दिसतो, मग केसासारखी चीर, मग कोपरा सुटतो. बाहेरून सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते आणि काम लवकर बिघडतं. योग्य उपाय म्हणजे फलक आधार देऊन उतरवणं, पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घालणं आणि सांधे चुन्यात भरणं. पितळेला वटवाघळांचं मूत्र खातं, त्याचे ठिपके खोल जातात. वटवाघळांना कायद्याचं संरक्षण असल्याने त्यांना हुसकावता येत नाही, पत्रा झाकावा लागतो. ते आच्छादन हवा खेळती ठेवणारं असावं. रबरी पाठीचा गालिचा लाद्यांवर कधीच घालू नये, खाली ओल साचते आणि क्षारांनी दगडाचे पापुद्रे सुटतात. पितळ पॉलिशने चमकवण्याची हौस कोरलेल्या रेषा दरवर्षी थोड्या उथळ करते. पायाखाली पत्रा हलका खणखणला तर रिव्हेट सुटले आहेत असं समजावं आणि चोराच्या आधी कारागिराला बोलवावं.

नवा फलक लावायचा असेल तर आता दार अरुंद आहे. चर्चच्या आत स्मारक हा खास मान आहे, तो अगदी अपवादात्मक प्रकरणांतच द्यावा, असं चर्चच्या वरिष्ठ न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितलं. अर्जासोबत पूर्ण मजकूर, अक्षरांचा आकार, दगडाचा नमुना, बसवण्याची पद्धत आणि भिंतीचं रेखाचित्र द्यावं लागतं, आणि मजकुरातला एक शब्द बदलला तरी परवानगी पुन्हा मागावी लागते.