घरातली बंदूक चोराला धाक घालते का?

भात निसवलं की रानडुकरं डोंगरातून खाली उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातात. बागेत माकडं, काही गावांत गवे. म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत, कुणाकडे ठासणीची, कुणाकडे काडतुसाची. बंदूक डुकरासाठी घेतलेली असली तरी तिच्याबद्दल एक समजूत हमखास ऐकू येते. घरात बंदूक आहे हे ठाऊक असलं की चोर त्या वाटेला जात नाही म्हणे.

हे पटण्यासारखं आहे, पण तपासायला फार अवघड. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात, परका माणूस पाणंदीतून गेला तरी चार घरांतून त्याची चौकशी होते. मग चोऱ्या कमी असतील तर श्रेय बंदुकीचं की या शेजाराचं? उलट बाजूही आहे. गुन्हे वाढले की घाबरलेले लोक बंदुका घेतात. तिथे बंदुका आणि गुन्हे दोन्ही जास्त दिसतील, पण तेवढ्यावरून बंदुकीला दोष देता येणार नाही.

हा गुंता सोडवायचा सर्वाधिक प्रयत्न अमेरिकेत झाला, कारण तिथे दर १०० माणसांमागे १२० बंदुका आहेत, असा २०१८ चा अंदाज सांगतो. (भारतात हा आकडा ५ च्या आसपास, आणि त्यातल्याही बहुतेक विनापरवाना.) १९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, अंगावर लपवून बंदूक बाळगायची मुभा दिलेल्या राज्यांत हिंसक गुन्हे घटले. त्यावरून मोठा वाद पेटला. २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सगळी आकडेमोड पुन्हा तपासली आणि उपलब्ध पुराव्यावरून गुन्हे घटतात किंवा वाढतात, काहीच ठामपणे म्हणता येत नाही, असं बहुमताने सांगितलं.

पुढे पद्धत सुधारली. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या अभ्यासात मुभा देणाऱ्या प्रत्येक राज्याचा एक जोडीदार आकडेवारीतून घडवला. कायदा बदलण्यापूर्वी ज्यांच्या गुन्ह्यांचा आलेख त्या राज्यासारखाच चालत होता, अशी इतर राज्यं योग्य प्रमाणात मिसळून हा जोडीदार तयार होतो. कायदा झाला नसता तर काय घडलं असतं, याचा तो अंदाज. दहा वर्षांनंतर मुभा दिलेल्या राज्यांत हिंसक गुन्हे या जोडीदारापेक्षा १३ ते १५ टक्के जास्त निघाले. मला हा पुरावा आधीच्यापेक्षा पुष्कळ भक्कम वाटतो.

घरफोडीचं काय? फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांना जास्त बंदुका असलेल्या भागात घरफोड्या कमी झालेल्या आढळल्या नाहीत. चोराच्या दृष्टीने बंदूक हाही किमती ऐवज असतो, आणि बहुतेकदा घर रिकामं असेल तेव्हाच तो येतो. चाकरमानी मुंबईला गेल्यावर कुलूपबंद राहणाऱ्या आपल्या घरांत बंदूक असली तरी ती चालवणार कोण?

सर्वात अस्वस्थ करणारा अभ्यास कॅलिफोर्नियातला आहे, २०२२ चा. हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण तशी बंदूक नसलेल्या घरांच्या दुपटीहून जास्त होतं. परक्याच्या हल्ल्यापासून संरक्षण मिळाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. घरातच जोडीदाराच्या गोळीने मेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हँडगन आणि शेतकऱ्याची लांब नळीची बंदूक यांत फरक आहे, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण धोका कुणाला, हा प्रश्न इथेही विचारायलाच हवा. शिकारीत सोबत्यालाच छर्रे लागल्याच्या बातम्या कोकणातूनही येतात.

कोकणात याची चाचणी घेण्याची एक संधी निवडणुकीत मिळते. आचारसंहिता लागली की परवान्याच्या अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. धाक बंदुकीचाच असेल तर त्या आठवड्यांत चोऱ्या वाढायला हव्यात. मात्र त्याच दिवसांत नाकाबंदी आणि गस्तही वाढते. शिवाय कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समिती ठरवते, म्हणजे निवड सरसकट नसते. आणि एका तालुक्यातल्या चोऱ्या इतक्या थोड्या की दोन-चारचा फरक योगायोगानेही पडेल. त्यामुळे अनेक निवडणुकांची, तालुकावार नोंद लागेल, आणि जिथे बंदुका जमा झाल्या पण बंदोबस्त फारसा वाढला नाही अशी गावं वेगळी काढावी लागतील. परवान्यांची आणि गुन्ह्यांची नोंद सरकारदरबारी होतच असते. ती एकत्र मांडली तर या समजुतीची निदान पहिली तपासणी तरी होईल.